देणगी द्यावी तर कुठे? इफेक्टिव्ह अल्ट्रुइझमची सुरुवात, पायरीपायरीने

बहुतेक देणग्या आपण ठरवून देत नाही, कुणी मागितल्या म्हणून देतो. ओळखीचं कुणी पावतीपुस्तक घेऊन येतं, एखादा मेसेज फिरत फिरत पोचतो, बातमीत एक चेहरा दिसतो आणि आपण पैसे देऊन मोकळे होतो. नवा फोन घेताना दहा मॉडेलं ताडून बघणारा माणूस देणगी देताना एकही प्रश्न विचारत नाही, कारण तिथे प्रश्न विचारणं कद्रूपणाचं वाटतं. इफेक्टिव्ह अल्ट्रुइझमचं सगळं म्हणणं याच जागी सुरू होतं. हातात आहेत तेवढे पैसे, आहे तेवढा वेळ. त्यातून इतरांचं जास्तीत जास्त भलं कुठे होईल हे पुरावे बघून आणि पर्यायांची तुलना करून ठरवायचं.

या विचाराचं एक मूळ १९७२ सालच्या निबंधात आहे. १९७१ मध्ये पूर्व बंगालमधून लाखो निर्वासित जीव मुठीत धरून बाहेर पडले होते, तेव्हा तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांनी विचारलं: समोरच्या डबक्यात मूल बुडत असेल तर कपडे खराब होतील म्हणून तुम्ही थांबाल का? नाही ना? मग ते मूल हजारो मैलांवर असलं तर फरक का पडावा? पुढे २००७ मध्ये हेज फंडात, म्हणजे बड्या गुंतवणूकदारांचे पैसे गुंतवणाऱ्या कंपनीत, काम केलेल्या दोघांनी गिव्हवेल ही संस्था काढली, कारण 'माझ्या पैशांचं पुढे काय झालं' या साध्या प्रश्नाला सेवाभावी संस्थांकडून धड उत्तर मिळत नव्हतं. २००९ मध्ये ऑक्सफर्डला टोबी ऑर्ड आणि विल्यम मॅकअ‍ॅस्किल यांनी गिव्हिंग व्हॉट वी कॅन सुरू केली. उत्पन्नाचा किमान दहावा भाग देण्याचा संकल्प करणाऱ्यांची ही संस्था. २०११ मध्ये करिअरविषयी सल्ला देणारी ८०,००० अवर्स आली. इफेक्टिव्ह अल्ट्रुइझम हे नावही त्याच सुमाराचं.

इतिहास एवढा पुरे. सुरुवात करायला कुठेही नाव नोंदवावं लागत नाही की सभासद व्हावं लागत नाही. एक वही मात्र हवी, फोनमधली नोटही चालेल. पुढच्या प्रत्येक पायरीला तीत एक-दोन ओळी लिहायच्या आहेत. हा सोपस्कार वाटेल, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. जे लिहिलेलं नसतं ते मागाहून सोयीस्करपणे बदलता येतं.

आधी आकडा, मग संस्था

बरेच जण उलटं करतात. महिनाभर संस्था शोधतात, चांगलीशी सापडली की 'जमेल तेवढे' देतात आणि ते जमतंच असं नाही. म्हणून वर्षाची रक्कम आधी ठरवा. कुणी मागितलं म्हणून ती वाढत नाही आणि यंदा कुणी मागितलं नाही म्हणून कमीही होत नाही.

किती? दहा टक्के हा गिव्हिंग व्हॉट वी कॅनचा आकडा. पहिल्याच वर्षी तो गाठायचा अट्टहास नको. त्यांच्याकडेच चाचणी संकल्पाची सोय आहे: किमान एक टक्का, तुम्ही ठरवाल तेवढ्या काळापुरता. मी तर सगळ्यांना एक टक्क्यानेच सुरुवात करायला सांगेन. एक टक्का गेल्याचं कुणाच्या ध्यानातही येत नाही, पण तो नेमका कुठे जातो हे ठरवण्याची सवय लागते आणि खरी कमाई ती सवय आहे.

दोन अटी आहेत. डोक्यावर चढ्या व्याजाचं कर्ज असेल किंवा काही महिने निभावतील इतकी शिल्लक बाजूला नसेल, तर आधी ते उरका. आधी पोटोबा मग विठोबा इथेही लागू आहे. स्वतःच अडचणीत आलेला देणगीदार पुढची तीस वर्षं देऊ शकत नाही. दुसरी अट, ही रक्कम 'मनाच्या' देणग्यांपासून वेगळी ठेवा. मित्राच्या आजारपणाला, गल्लीतल्या ग्रंथालयाला तुम्ही देता ते देत राहा, त्यासाठी वेगळा कप्पा करा. दोन्ही एकाच खात्यात घातले की तुलना फसते आणि नात्यांवरही ताण येतो. नातेवाइकाला 'तुमचं ऑपरेशन किफायतशीर बसत नाही' म्हणणारा माणूस कुणालाच नको असतो. या विचाराची टिंगल होते ती बरीचशी अशा वागण्यामुळेच.

वहीत लिहा: या वर्षी इतके रुपये, या तारखेपर्यंत.

विषय निवडताना तीन चाळण्या

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा प्रकार मदतीच्या जगात सर्रास होतो. पैसा तिथे जातो जिथे चेहरा दिसतो, आणि प्रश्न असतो भलत्याच ठिकाणी. हे टाळण्यासाठी तीन प्रश्न विचारतात. प्रश्न किती मोठा आहे? त्यावर काही करता येण्यासारखं आहे का? आणि त्याकडे आधीच किती जण लक्ष देताहेत?

पहिले दोन कुणालाही सुचतात. तिसरा प्रश्न सुचत नाही, आणि सगळ्यात जास्त कामाचा तोच. ज्या कामात आधीच अब्जावधी ओतले गेलेत तिथे तुमच्या हजार रुपयांनी फारसं हलत नाही, कारण स्वस्तात होणारी कामं आधीच होऊन गेलेली असतात. ज्याकडे कुणी बघितलेलंच नाही तिथे ती अजून बाकी असतात.

शिशाचं उदाहरण घ्या. युनिसेफच्या २०२० च्या अहवालाप्रमाणे जगातल्या दर तीन मुलांपैकी सुमारे एकाच्या रक्तात चिंताजनक प्रमाणात शिसं आहे. हा आकडा ८० कोटींच्या घरात जातो. शिशाने मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. म्हणजे प्रश्न प्रचंड. तरी कितीतरी वर्षं या कामाला मिळणारा निधी अगदी तोकडा होता, कारण शिशाने बाधित मूल फोटोत इतर मुलांसारखंच दिसतं. २०२० मध्ये लेड एक्स्पोजर एलिमिनेशन प्रोजेक्ट नावाची एक चिमुकली संस्था निघाली. तिने मलावीत बाजारातले रंगाचे डबे विकत घेतले, प्रयोगशाळेत तपासून घेतले, त्यात शिसं असल्याचे निकाल तिथल्या सरकारी यंत्रणेपुढे ठेवले आणि रंग बनवणाऱ्यांना दुसरे घटक वापरायला मदत केली. सगळा खटाटोप मूठभर माणसांचा. सरकारने नियमांची अंमलबजावणी हाती घेतली. पुढे २०२४ मध्ये याच प्रश्नासाठी सुमारे १५ कोटी डॉलरची आंतरराष्ट्रीय भागीदारी उभी राहिली. आता तुमचा पुढचा रुपया तिथे २०२० मधल्या रुपयाइतकं काम करेल का, हे नव्याने तपासावं लागेल. तिसरी चाळणी दरवर्षी लावायची ती यासाठी.

या तीन चाळण्यांतून साधारण तीन गठ्ठे निघतात, आणि त्यांतला कोणता निवडायचा हा शेवटी मूल्यांचा प्रश्न आहे.

पहिला गठ्ठा गरीब देशांतलं आरोग्य आणि दारिद्र्य. पुरावा सगळ्यात भक्कम इथे आहे. नवशिक्याने इथून सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे, कारण हिशेब तपासता येतो. दुसरा प्राणी: वर्षाला ८,००० कोटींहून अधिक जमिनीवरचे प्राणी मांसासाठी मारले जातात, त्यांत सर्वाधिक कोंबड्या, आणि त्यांतल्या बऱ्याच कोंदट कारखानी शेडमध्ये वाढतात. प्राण्यांच्या यातना तुमच्या लेखी मोजायच्या असतील, तर हा आकडा नजरेआड करता येत नाही. या क्षेत्रातल्या संस्थांची छाननी अ‍ॅनिमल चॅरिटी इव्हॅल्युएटर्स करते. तिसरा गठ्ठा मोठ्या संकटांचा: महासाथी, अण्वस्त्रं, बेलगाम कृत्रिम बुद्धिमत्ता. टोबी ऑर्ड यांनी येत्या शतकात मानवजातीवर अस्तित्वाचं संकट ओढवण्याची शक्यता सहात एक इतकी धरली आहे. हा मोजलेला आकडा नव्हे, एका अभ्यासकाचा अंदाज आहे, आणि अनेकांना तो पटत नाही. पण दुर्लक्ष म्हणाल तर ते उघड दिसतं. १९७५ मध्ये लागू झालेला जैविक शस्त्रबंदी करार सांभाळणारा कक्ष वर्षानुवर्षं तीन-चार कर्मचाऱ्यांवर चालला.

वहीत विषय लिहा आणि त्याखाली एक ओळ: काय कळलं तर मी हा विषय सोडेन? ही ओळ सुचत नसेल तर विषय तुम्ही निवडलेला नाही, तो तुमच्या अंगवळणी पडलेला आहे.

संस्था पारखताना

देणगीदार सहसा एकच प्रश्न विचारतात: प्रशासकीय खर्च किती? प्रश्न चुकीच्या जागी आहे. शंभरातले पंच्याण्णव रुपये 'थेट कामावर' घालणारी संस्था निरुपयोगी काम करत असेल तर ते पंच्याण्णवही गेले. उलट निकाल मोजायला, हिशेब ठेवायला, चांगली माणसं नेमायला खर्च करणाऱ्या संस्थेचा प्रशासकीय आकडा फुगलेला दिसतो, पण तिचं काम पोचतं. पैशांची अफरातफर होते आहे का हे बघायलाच हवं. त्यापलीकडे या टक्केवारीला फार भाव देऊ नका.

खेळता खेळता पाणी उपसणाऱ्या चक्राची गोष्ट इथे सांगायलाच हवी. दक्षिण आफ्रिकेत प्लेपंप नावाची कल्पना निघाली: मुलांनी चक्रीवर खेळायचं, चक्री फिरली की पंप चालून टाकीत पाणी चढणार. कल्पना ऐकताच कुणीही खूश व्हावं अशी, आणि तसे सगळे झालेही. २००६ मध्ये अमेरिकेत १ कोटी ६४ लाख डॉलरची घोषणा झाली, हजारो पंप बसवायचं ठरलं. पण एका पंपाचा खर्च १४,००० डॉलरच्या आसपास, साध्या हातपंपाच्या चौपट. फिरवायला जोर लागत असल्याने मुलं दमत, मग बायांनाच ती चक्री रेटावी लागे. दुरुस्ती गावात होत नसे. पंप बसवण्याआधी गावातल्या बायकांना 'हातपंप हवा की हे?' एवढं जरी विचारलं असतं, तरी उत्तर मिळालं असतं.

म्हणून संस्थेला विचारायचे प्रश्न असे. हे काम केल्याने फरक पडतो याचा पुरावा काय, आणि तो कुणी गोळा केला? ज्यांना मदत मिळाली आणि ज्यांना मिळाली नाही अशा दोन सारख्या गटांची तुलना झाली आहे का? चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेल्या चाचण्यांमुळे गेल्या दोन-तीन दशकांत हे क्षेत्र पार बदललं. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि मायकल क्रेमर यांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल याच कामासाठी मिळालं. पुढचा प्रश्न: तुम्हाला आणखी पैसे मिळाले तर त्यातून जास्तीचं काय होईल? चांगल्या संस्थेकडेही कधीकधी पैसे पडून असतात, अडलेलं असतं ते मनुष्यबळ किंवा परवानगी. आणि शेवटी, मला सगळ्यांत आवडणारा प्रश्न: तुमचं कोणतं काम फसलं, आणि मग तुम्ही काय केलंत?

या प्रश्नाला गुळमुळीत उत्तर देणाऱ्या संस्था बहुसंख्य आहेत. एव्हिडन्स अ‍ॅक्शनने मात्र वेगळं केलं. बांगलादेशात शेतीची कामं थंडावतात त्या महिन्यांत शहराकडे जाऊन मजुरी करता यावी म्हणून ते गरीब कुटुंबांना प्रवासखर्चासाठी छोटं कर्ज देत. छोट्या प्रमाणावरच्या चाचण्यांचे निकाल उत्तम होते. व्याप वाढवल्यावर नव्या चाचणीत तो परिणाम दिसेना. २०१९ मध्ये त्यांनी तो कार्यक्रम स्वतःहून बंद केला. अशा संस्थेचा उरलेला कार्यक्रमही मग जास्त विश्वासाचा वाटतो.

हे सगळं एकट्याने तपासणं शक्य नाही आणि तशी गरजही नाही. गिव्हवेलसारख्या संस्था हजारो तास घालून ही छाननी करतात आणि आपली आकडेमोड खुली ठेवतात. त्यांच्या पहिल्या पसंतीच्या यादीत गेली काही वर्षं चार कामं आहेत: अगेन्स्ट मलेरिया फाउंडेशनच्या मच्छरदाण्या, मलेरिया कन्सॉर्टियमचं पावसाळ्यात लहान मुलांना मलेरियाप्रतिबंधक गोळ्या देण्याचं काम, हेलन केलर इंटरनॅशनलचं मुलांना जीवनसत्त्व अ देण्याचं काम, आणि न्यू इन्सेंटिव्ह्जचा उत्तर नायजेरियातला उपक्रम, ज्यात बाळाला लस टोचून घेतल्यावर आईवडिलांच्या हाती थोडी रक्कम दिली जाते.

मच्छरदाणीचा हिशेब, स्वतः करून बघा

तज्ज्ञांची यादी आयती मिळते, तरी एक हिशेब तरी स्वतःच्या हाताने केल्याशिवाय पुढे जाऊ नका. अर्धा तास लागतो आणि डोकं साफ होतं. खालचे काही आकडे उदाहरणासाठी मी धरलेले आहेत. तसं जिथे आहे तिथे सांगतो.

१ लाख मच्छरदाण्या वाटायच्या आहेत. खरेदी, वाहतूक, वाटप धरून एकीला ६ डॉलर लागतात असं मानू. एकूण ६ लाख डॉलर. १.८ माणसांमागे एक मच्छरदाणी असं प्रमाण वाटपासाठी वापरतात, म्हणजे १ लाख ८० हजार माणसं झाकली गेली. त्यांतला सहावा हिस्सा पाच वर्षांखालची मुलं मानू: ३० हजार. या भागात त्या वयाच्या हजार मुलांमागे वर्षाला १० दगावतात असं धरू, म्हणजे वर्षाला ३०० मृत्यू. आता पुरावा: कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाण्यांच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या, कॉक्रेन या संशोधन-संस्थेच्या आढाव्यात बालमृत्यू साधारण १७ टक्क्यांनी घटलेले दिसले. ३०० चे १७ टक्के, ५१. मच्छरदाणी दोन वर्षं चांगली टिकते असं धरलं तर १०२. पण सगळेच रोज तीत झोपत नाहीत. ८० टक्के वापर धरला तर ८२. सहा लाखांना ८२ ने भागा: एका जिवामागे सुमारे ७,३०० डॉलर.

आता एकच आकडा बदला. बालमृत्यूचं प्रमाण हजारी १० ऐवजी १५ धरा. उत्तर येतं सुमारे ४,९०० डॉलर. मच्छरदाणी तीच, ट्रक तोच, वाटणारी माणसं तीच. फक्त गाव बदललं आणि त्याच पैशांत दीडपट जीव वाचले. कुठे वाटायचं हा प्रश्न काय वाटायचं याइतकाच वजनदार आहे, हे यातून जितकं कळतं तितकं कुठल्याही व्याख्यानातून कळत नाही.

मग हिशेबातली भोकं शोधा. मोठ्या माणसांना होणारा फायदा आपण धरलेला नाही. मलेरिया होऊनही वाचलेल्या मुलांचं हुकलेलं शिक्षण, रक्तक्षय, घरच्यांची बुडालेली मजुरी, हेही नाही. दुसऱ्या बाजूने, त्या चाचण्या बऱ्याच जुन्या आहेत आणि तेव्हापासून अनेक भागांत डास नेहमीच्या कीटकनाशकाला दाद देईनासे झाले आहेत. शिवाय तुम्ही पैसे दिले नसते तर दुसऱ्या कुणी त्याच मच्छरदाण्या दिल्या असत्या का, हाही प्रश्न आहेच. गिव्हवेलची खरी आकडेमोड अशा डझनावारी दुरुस्त्या करते आणि त्यांच्या यादीतल्या कामांसाठी एका जिवामागे काही हजार डॉलर, साधारण ३,००० ते ५,५०० च्या पल्ल्यात, असे अंदाज त्यांनी दिले आहेत. आपला ढोबळ हिशेब त्यापासून फार लांब पडला नाही. जाहिरातीत 'फक्त इतक्या रुपयांत एका मुलाचा जीव वाचवा' असं लिहिलेलं दिसलं आणि तो आकडा याच्या शंभराव्या भागाइतका असला, तर त्यांनी मच्छरदाणीची किंमत सांगितली आहे, जिवाची नाही, एवढं आता तुम्हाला ओळखता येईल.

मृत्यू टाळणं आणि आजार टाळणं यांची तुलना करायची असते तेव्हा 'निरोगी आयुष्याची वाया गेलेली वर्षं' मोजतात. जागतिक बँकेच्या १९९३ च्या अहवालापासून हे माप रूढ झालं. अपंगत्वाला आकडा लावणं अनेकांना खटकतं, आणि खटकायला हवंच. पण आकडा न लावताही आपण निवड करतोच, फक्त ती कुणाला दिसत नाही.

जंतनाशक गोळ्यांवरून एक वेगळा धडा मिळतो. केनियातल्या शाळांमधल्या प्रयोगातून त्यांचे दूरगामी फायदे दिसले आणि गोळी अतिशय स्वस्त. पण पुरावा थोड्याच अभ्यासांवर उभा असल्याने संशोधकांत जोरदार वाद झाला. गिव्हवेलने २०२२ मध्ये पहिल्या यादीचे निकष कडक केले तेव्हा जंतनिर्मूलनाची कामं त्या यादीबाहेर गेली, मात्र त्यांना ती वाईट ठरवायची नव्हती. खात्रीचा मध्यम फायदा हवा की शंका असलेला मोठा, हे तुमचं तुम्ही ठरवायचं. वहीत तेही लिहा.

पैसे पाठवणं

इथे फार सांगण्यासारखं नाही. एकेका संस्थेचा अभ्यास नको असेल तर निधीत द्या; गिव्हवेलचा टॉप चॅरिटीज फंड हा त्यातला सरळ पर्याय, तज्ज्ञ त्या घडीला सगळ्यात गरजेच्या ठिकाणी पैसे वळवतात. परदेशी संस्थेला देणगी देण्याचे नियम आणि करसवलत देशोदेशी निराळी असते, त्यामुळे आपल्या देशातला कायदा आधी बघा. सवलत मिळत नसेल तर ती रक्कमही तुलनेत धरा, पण तेवढ्यावरून निर्णय फिरवू नका: दुसरं काम पाचपट परिणामकारक असेल तर करात वाचलेला तिसरा हिस्सा त्यापुढे फिका पडतो. देणगीवर 'फक्त याच कामासाठी' अशी अट घालू नका. संस्थेवर विश्वास असेल तर खर्च कुठे करायचा ते तिला ठरवू द्या, नसेल तर देऊच नका. दहा संस्थांना थोडं थोडं वाटण्यापेक्षा एक-दोन ठिकाणी द्या. रक्कम छोटी असताना वाटून दिल्याने मनाला बरं वाटतं, त्यापलीकडे फारसं काही घडत नाही.

पैसे नसतील तर? तासांचं काय?

आठवड्याला ४० तास, वर्षाला ५० आठवडे, ४० वर्षं: ८०,००० तास. करिअरविषयी सल्ला देणाऱ्या त्या संस्थेचं नाव इथूनच आलं. आयुष्यभराच्या देणग्यांपेक्षा हे तास बहुधा मोठे ठरतात, म्हणून वय कमी असेल तर खरं लक्ष इकडे हवं.

एक काळ 'भरपूर कमवा आणि देऊन टाका' हा सल्ला गाजला. आता त्यावरचा भर बराच कमी झाला आहे, कारण अनेक क्षेत्रांत पैशांपेक्षा चांगल्या माणसांची चणचण आहे: संशोधक, धोरण समजणारे अधिकारी, संस्था चालवू शकणारे व्यवस्थापक. यातही तोच तिसरा प्रश्न विचारा. ही जागा तुम्ही घेतली नाही तर कोण घेईल, आणि तो तुमच्याइतकंच बरं काम करेल का? नामांकित संस्थेतल्या एका जागेसाठी पाचशे अर्ज येत असतील तर तुमच्याने पडणारा फरक वाटतो त्याहून कमी. सरकारी खात्यातल्या एका रुक्ष टेबलावर, जिथे कुणीच जाऊ इच्छित नाही, तो कदाचित कितीतरी जास्त.

विद्यार्थ्यांना माझा सल्ला असा: पहिली काही वर्षं कौशल्य, ओळखी आणि शिल्लक जमवण्यात घाला, आणि महिन्याभराच्या छोट्या प्रकल्पांतून स्वतःची रुची तपासा. आवड नसलेल्या कामात केवळ कर्तव्य म्हणून दहा वर्षं टिकणारी माणसं मी तरी पाहिलेली नाहीत. ८०,००० अवर्सने २०२५ पासून आपला भर कृत्रिम बुद्धिमत्तेवर आणला आहे. आरोग्य, दारिद्र्य, प्राणी अशा विषयांत मार्गदर्शन हवं असेल तर प्रॉबेब्ली गुड ही संस्था बघा.

वेळेच्या देणगीबद्दल एक कडू गोष्ट. तुमच्या कौशल्याशी संबंध नसलेलं स्वयंसेवकाचं काम बऱ्याचदा संस्थेला पडणारं ओझं असतं. परदेशात जाऊन शाळेची भिंत रंगवणाऱ्या हौशी तरुणाच्या विमानाच्या तिकिटात तिथल्या रंगाऱ्याला काही महिने काम मिळालं असतं. हिशेबनीस असाल तर संस्थेचे हिशेब बघा, प्रोग्रॅमर असाल तर त्यांची विदा (डेटा) नीट लावून द्या.

संगत आणि शंका

एकट्याने हे सगळं करताना माणूस कंटाळतो तरी, नाहीतर फार शहाणा होतो. मोफत ऑनलाइन वाचनगट आहेत, अनेक विद्यापीठांत स्थानिक गट आहेत. चार-पाच मित्र मिळून वर्षातून एकदा आपापल्या वह्या एकमेकांना दाखवल्यात तरी पुरतं. 'हा आकडा कुठून आला?' असं विचारणारा एक तरी मित्र त्यात हवा.

गटात शिरताना डोळे उघडे ठेवा. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स हे क्रिप्टो एक्स्चेंज कोसळलं. त्याचा संस्थापक सॅम बँकमन-फ्राइड या चळवळीचा बडा देणगीदार आणि 'कमवा आणि द्या' या मार्गाचं मिरवलं जाणारं उदाहरण होता. ग्राहकांचे पैसे लाटल्याच्या गुन्ह्यांत मार्च २०२४ मध्ये त्याला २५ वर्षांची शिक्षा झाली. अनेक कामांना कबूल झालेले पैसे हवेत विरले. यातून काढायचा धडा अगदी जुनाच आहे: उद्या होणाऱ्या मोठ्या भल्याचा हिशेब दाखवून आज कुणी खोटं बोलत असेल, नियम मोडत असेल, तर तिथून उठा. आकडेमोड कितीही देखणी असो.

आक्षेपही ऐकून घ्या, कारण त्यांतले काही खरे आहेत. जे मोजता येतं त्याकडे झुकण्याची सवय लागते. मच्छरदाण्या मोजता येतात, कायदा बदलण्याचा लढा मोजता येत नाही. बाहेरच्या देणग्यांमुळे सरकारं आपली जबाबदारी झटकतात का, हा प्रश्नही रास्त आहे. ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं आहे त्यांना निर्णयात फारसं स्थान नसतं, ही टीका मला सगळ्यात बोचणारी वाटते. गिव्हडायरेक्टलीसारख्या संस्था सरळ गरिबांच्या हाती रोख रक्कम देतात. काय घ्यायचं ते घेणारा ठरवतो. 'तुमचं काम रोख पैसे देण्यापेक्षा सरस आहे का?' हा प्रश्न म्हणूनच कोणत्याही योजनेला विचारण्याजोगा आहे. शिशाचं काम मात्र दाखवून देतं की धोरण बदलणंही या चौकटीत बसतं. त्याचं मोजमाप अवघड असतं, एवढंच.

आणखी एक गोष्ट नव्या लोकांना हमखास गाठते. प्रत्येक खर्चाकडे 'यात किती मच्छरदाण्या आल्या असत्या' असं बघायला सुरुवात होते. हे थांबवायचा उपाय पहिल्याच पायरीत आहे. वर्षाची रक्कम ठरली, ती गेली; उरलेला पैसा तुमचा आहे आणि त्याचा जाब कुणाला द्यायचा नाही.

वर्षअखेरीला तासभर काढा आणि वही उघडा. दिलेल्या संस्थेचा नवा अहवाल वाचा. गिव्हवेलने किंवा तुम्ही ज्यांच्यावर विसंबलात त्यांनी मत बदललं आहे का बघा; बदललं असेल तर का, तेही वाचा. 'काय कळलं तर सोडेन' या ओळीसमोर या वर्षी जे कळलं ते लिहा. मग पुढच्या वर्षाची रक्कम टाका. एक टक्का जड गेला नसेल तर दोन करा, गेला असेल तर एकावरच राहा, आणि ठरलेल्या तारखेला बँकेतून पैसे जातील असं बघा.